मोठ्या घरात माणसं किती

१

आईशप्पथ खरं आहे, काका. म्हणजे शप्पथ आईची घेतोय खरी, पण पुढे गोष्टीत आईच येते, तेव्हा ती शप्पथ किती धरायची ते तुमचं तुम्ही बघा. निम्मं तरी खरं आहे. उरलेलं निम्मं मी स्वतः पाहिलंय, आणि माझ्या डोळ्यांवर माझा तसा फार विश्वास नाही.

मी आत आलो, जे बोलायचं ते बोललो, त्यावर तुम्ही खिळ्यांचं खोकं बाजूला सारून हसलात आणि म्हणालात, "तुम्ही पोरं आहात तरी किती?" प्रश्न चांगला आहे. मला याच प्रश्नाचा पगार मिळायचा.

तुम्ही शहरात नवीन, दुकान उघडून जेमतेम महिना झाला, म्हणून पहिल्यापासून सांगतो. पेपरवाले ज्याला टोळी म्हणतात आणि पोलीस ज्याला संघटित गुन्हेगारी म्हणतात, त्याला इथली माणसं 'मोठं घर' म्हणतात. कारण त्यातले सगळे एकमेकांना काका, मामा, ताई असंच म्हणतात. आणि सरकारी इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर एक अंदाज विभाग होता. त्याचं काम एकच. मोठ्या घरात माणसं किती, हे दरवर्षी सांगायचं.

विभाग म्हणजे तीन टेबलं, एक पंखा, आणि बुक्की मारली तरच उघडणारी खिडकी. तिथे साहेब होते आणि मी होतो. शिवाय तळघरातल्या प्रयोगशाळेत एक बाई बसायच्या, त्यांना सगळे रंगबाई म्हणायचे. मी तात्पुरता होतो. इतका तात्पुरता की माझ्या खुर्चीवर दुसऱ्याचं नाव होतं.

आधीचे साहेब आकडा कसा काढायचे? जेवढे पकडले त्याला दहाने गुणायचे. कुणी सापडलंच नाही, त्या वर्षी मोठं घर रिकामं. आमचे साहेब मात्र शिकलेले. त्यांनी पहिल्याच आठवड्यात मला समोर बसवलं.

"तळ्यात मासे किती, कसं काढायचं?"

"माशांनाच विचारायचं, साहेब."

"तू वर्षभर असाच बोलणार आहेस?"

"कायम केलंत तर जन्मभर."

साहेब हसले नाहीत. साहेब कधीच हसायचे नाहीत. "थोडे मासे पकडायचे," ते म्हणाले, "त्यांना रंग लावायचा, परत सोडायचे. मग दुसऱ्या दिवशी दुसरीकडे जाळं टाकायचं. जाळ्यातले निम्मे रंगलेले निघाले, तर तळ्यात आपण रंगवले त्याच्या दुप्पट मासे. दहातला एक निघाला, तर दसपट. एवढंच."

"आणि माशांना रंग कोण लावणार?"

"तू. आकडा बरोबर आला तर तुला कायम करतो."

घरी सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, "सांभाळून रे," आणि आई म्हणाली, "जेवून घे." आमच्या घरात या दोन वाक्यांत सगळं बसतं.

२

बाजारामागच्या गल्लीत सोफे-कपाटांचं एक बंद पडलेलं शोरूम आहे. पुढचं शटर गंजलेलं. मागे एक दार. पाटी नाही, घंटा नाही, फक्त पितळेची जाड मूठ. ती ओढल्याशिवाय दार उघडत नाही, आणि मोठ्या घराचं माणूस सोडून कुणी ती ओढत नाही. एवढी माहिती पक्की होती.

रंगबाईंनी मला एक डबी दिली. आत पाण्यासारखं काहीतरी.

"मुठीवर हे वाळत नाही," त्या म्हणाल्या. "कातडीला लागलं की लगेच मुरतं. मग सहा महिने जात नाही. दिसतही नाही. फक्त या दिव्यात दिसतं." आणि त्यांनी मला एक छोटी जांभळी टॉर्च दिली. बँकेत नोटा तपासायला असते ना, तसली. "हिरवं चमकेल. दुसरं काही चमकलं तर निळं चमकेल, त्याकडे लक्ष देऊ नकोस. साबणसुद्धा चमकतो."

"आणि त्या माणसाने दुसऱ्याशी हात मिळवला तर? त्याला पण लागणार?"

"नाही. एकदा मुरला की मुरला. ज्याने मूठ ओढली त्याचाच हात चमकेल. हातमोजे काढू नकोस, नाहीतर तुलाच मोजतील."

मी कुलपांना तेल घालणारा झालो. खांद्याला पिशवी, हातात तेलाचं भांडं, रबरी हातमोजे. भर सकाळी गेलो, मुठीला छान चोपडलं, बिजागरीला खरं तेलसुद्धा घातलं. दार कुरकुरायचं थांबलं. मला वाटलं, चला, गुन्हेगारांचंसुद्धा काहीतरी भलं झालं.

मग समोरच्या इमारतीच्या खिडकीत साहेब आणि मी दिवसभर बसलो. संध्याकाळपर्यंत एकतीस जणांनी मूठ ओढली. जाड मानेचे, काळे चष्मे घातलेले, चित्रातल्यासारखे. साहेब खूश. एकतीस मासे रंगले.

एक गोष्ट तेव्हा खटकली नाही, नंतर खटकली. आत गेलेल्यांतलं बाहेर कुणी आलं नाही. आणि आतून आवाजही नाही. एकतीस माणसं एका खोलीत बसली तर निदान एक तरी खोकतो की नाही?

३

जाळं टाकायचं होतं पत्त्यांच्या क्लबात, मोठ्या घराची माणसं तिथे खेळायला येतात अशी खबर होती. दोन आठवड्यांनी. क्लबाचा मालक साहेबांच्या उपकाराखाली होता. त्याने मला टोकन देणाऱ्याच्या जागी बसवलं. जिन्याखालची अंधारी जागा, खिडकी नाही, आणि काउंटरवरच्या बल्बच्या जागी जांभळा दिवा. लोकांना वाटलं, सजावट. माणूस यायचा, काउंटरवर हात टाकायचा, टोकन उचलायचा, वर जायचा.

पहिला हात आला. हिरवा. कोवळ्या पानासारखा हिरवा, तळव्याच्या रेषा न् रेषा उजळलेल्या. मला इतका आनंद झाला की मी त्याला दोन टोकनं दिली.

दुसरा हात हिरवा. तिसराही.

चौथा हात आमच्या इमारतीतल्या शिपायाचा होता. हिरवा. मी म्हटलं, असेल बाबा, पगार कमी पडत असेल. मग बँकेतला कॅशियर. मग औषधाच्या दुकानातली ती कायम वैतागलेली बाई. मग एक हात आला, नखात खडूची पांढरी रेघ, तळवा हिरवागार. मी मान वर केली. माझे शाळेतले गणिताचे सर.

"अरे, तू?" सर म्हणाले. "गणित सुधारलं का?"

"सुधारतंय, सर."

"बघ हं," म्हणाले, टोकन घेतलं आणि वर गेले.

चहाच्या वेळेपर्यंत मी साठ हात पाहिले. साठच्या साठ हिरवे.

साहेबांना सांगितलं तेव्हा त्यांनी टाळी वाजवली. "सगळे रंगलेले? म्हणजे तळ्यात दुसरे मासेच नाहीत! मोठं घर एकतीस माणसांचं!"

"साहेब," मी म्हटलं, "आपण एकतीस रंगवले. जाळ्यात रंगलेले साठ आले."

साहेबांची टाळी हवेतच राहिली. पंखा गरगरत होता. ते बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले, जणू उत्तर त्याच्याकडे होतं.

"आपण एकच दिवस पहारा केला," शेवटी ते म्हणाले. "रंग मुठीवर अजून आहे. नंतर आणखी आले असतील."

बरोबर होतं. अगदी साधं होतं. मलाही पटलं. फक्त खडूचं नख डोळ्यांपुढून जात नव्हतं.

४

मी तळघरात गेलो. म्हटलं, बाई, तुमचा रंग पसरतोय. शेजाऱ्याला हात लावला की लागतोय. तुम्ही कबूल करा, मी कुणाला सांगत नाही.

रंगबाईंना राग आला. कारागिराला येतो तसा. "ये इकडे," म्हणाल्या. डबीत उजव्या हाताचा अंगठा बुडवला, पुसला, आणि माझा हात घट्ट धरून हलवला. मग आणखी एकदा. "आता दिवे घालव. तुझा हात बघ, आणि माझा अंगठा बघ."

मी दिवे घालवले, टॉर्च लावली.

माझा हात कोरा. बाई खरं बोलत होत्या, रंग पसरत नव्हता.

त्यांचा अंगठा हिरवा. तळवाही हिरवा. चारही बोटं हिरवी, पेरापेरापर्यंत. मूठ धरल्यावर जिथे जिथे पितळ टेकेल, तिथे तिथे.

क्षणभर आम्ही दोघं तो हात बघत होतो. काका, खोटं नाही सांगत, भीती नंतर वाटली. आधी वाटलं, काय सुंदर आहे हे. अंधारात नुसता एक हात, पानासारखा.

मग बाईंनी तो कोटाच्या खिशात घातला.

"चहा घेणार?" म्हणाल्या.

"नको, आत्ताच झालाय."

"मग दिवे लाव. आणि जाताना दार ओढून घे."

५

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, तसं मी टॉर्च दाखवून केलं. खिशात घालून घरी नेली. खरं तर ताईची गंमत करायची होती. जांभळ्या दिव्यात दात भुतासारखे चमकतात, आणि ताई लहानपणापासून भुताला घाबरते.

संध्याकाळी वीज गेली. बाबा खुर्चीत, ताई पलंगावर, आई स्वयंपाकघराच्या दारात. मी टॉर्च लावली आणि म्हटलं, "ताई, हस बघू."

तिचे दात निळे चमकले. बाबांचा बनियन निळा चमकला. मी हसायला तोंड उघडलं, ते तसंच राहिलं.

बाबांच्या हातातल्या पेपरवर एक हिरवा पंजा. ताईच्या मांडीवर एक. आणि दारात आईचा हात, त्यात कप, आणि कपाच्या कानाभोवती पाच हिरवी बोटं.

मी माझा हात पुढे धरला. काहीच नाही. त्या खोलीत माझा एकट्याचा हात अंधारासारखा अंधार होता.

"बंद कर ते," आई म्हणाली. "डोळ्यांना त्रास होतो."

काका, एवढंच. मी वाट पाहत होतो की कुणीतरी विचारेल, हे काय आहे, असली कसली टॉर्च, आमचे हात असे का दिसतात. कुणीच विचारलं नाही. माणसाचा स्वतःचा हात हिरवा पेटला तर माणूस निदान 'अय्या' तरी म्हणतो.

ताई हळूच म्हणाली, "याला सांगायला हवं होतं का?"

बाबा म्हणाले, "जेवू दे त्याला आधी."

वीज आली. जेवलो. भाजीत मीठ कमी होतं, ते मीच बोललो.

अंथरुणावर पडल्यावर एकेक आठवायला लागलं. बाबा रोज संध्याकाळी पाय मोकळे करायला जातात. आई मैत्रिणीकडे जाते, त्या मैत्रिणीला मी कधी पाहिलेलं नाही. ताई चार वर्षं शिवणाच्या क्लासला जातेय, आणि माझ्या शर्टाचं बटण चार वर्षं तुटलेलंच आहे.

आणि बस. कंडक्टर तिकिटाचे पैसे माझ्याकडेच मागायचा. मला वाटायचं, बाकीच्यांचे पास असतील. हॉटेलात बिल माझ्याच टेबलावर यायचं. मला वाटायचं, मी दिलदार आहे.

खरं सांगू? आई गुन्हेगार आहे याचं मला काही वाटलं नाही. मनाला लागलं ते दुसरंच. एवढं मोठं घर, त्यात गणिताचे सरसुद्धा आहेत, आणि मला कुणी बोलावलं नाही.

६

सकाळी साहेबांकडे गेलो. म्हटलं, खिडकी लावा, पडदे ओढा.

"आकडा आला?"

"आधी हात दाखवा, साहेब."

त्यांचा हात कोरा होता. माझाही. टेबलाच्या दोन बाजूंना आम्ही दोघं बसलो होतो आणि मधे जांभळा उजेड. मी घरचं सगळं सांगितलं. साहेब शहाणा माणूस. त्यांनी शहाण्यासारखाच प्रश्न विचारला.

"सगळेच जर त्यांचे, तर ते लुटतात कुणाला?"

बाहेर जिन्यावर कुणीतरी चढत होतं, दारापाशी थांबलं, पुन्हा खाली गेलं.

"माझ्या बायकोचे पैसे कधीच संपत नाहीत," साहेब स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "माझे मात्र दर महिन्याला संपतात. मला वाटायचं, ती काटकसरी आहे."

"आपण वरती कळवायचं का, साहेब?"

"वरती कुणाला?"

हेही बरोबर होतं. आम्ही पडदे उघडले. खाली रस्ता होता. माणसं, छत्र्या, हातगाड्या, एका बाईच्या कडेवर मूल. मुलाने तिच्या मानेवर हात ठेवला होता. साहेबांनी माझ्या हातातली टॉर्च घेतली, खिशात टाकली आणि म्हणाले, "मी एकदा जाऊन बघून येतो."

दुसऱ्या दिवशी ते वेळेवर आले. टेबलावर टॉर्च ठेवली. चेहरा असा, जसा आठ दिवस झोपून उठलेल्याचा असतो.

"काय पाहिलंत, साहेब?"

"आकड्याची घाई नाही," ते म्हणाले.

आणि हसले. साहेब हसले, काका. मग त्यांनी नोकरीत पहिल्यांदाच माझ्यापुढे हात केला. मी तो धरला. गरम होता. टॉर्च लावायची गरज पडली नाही.

त्या दिवसापासून जिथे जाईन तिथे मी हिशेब करायला लागलो. या खोलीत किती? सगळे. वजा मी. या रस्त्यावर किती? सगळे. वजा मी. कुणी वाईट वागलं नाही हं. चहावाला चहा द्यायचा, बिल द्यायचा, थांबायचा. नुसता थांबायचा. अशी चार दिवसांची माया मी कधी सोसली नव्हती.

पाचव्या दिवशी आई म्हणाली, "हातमोजे कुठे टाकलेस? धुऊन ठेवते."

मी घरात कुणाला हातमोज्यांबद्दल बोललोच नव्हतो.

७

दुपारची वेळ. गल्लीत कुणी नव्हतं. मूठ माझ्याच तेलाने चकचकत होती. मी बराच वेळ उभा राहिलो. पळून जायचं तर कुठल्या रस्त्याने जायचं, आणि त्या रस्त्यावर कोण असणार, हे सगळं मनात झालं. मग उघड्या हाताने मूठ धरली. गार होती. ओढली. दार अजिबात कुरकुरलं नाही.

आत अंधार. आता एक लक्षात घ्या, बाहेरून ते शोरूम दोन गाळ्यांचं आहे. मागच्या गल्लीतून पुढच्या रस्त्याला मी चालत गेलोय, अर्धी विडी संपत नाही. पण दार उघडल्यावर जी हवा तोंडावर आली, ती दोन गाळ्यांची नव्हती. मैदानावर येते तशी होती. लांबून आलेली.

मी टॉर्च लावली.

जुने सोफे, खुर्च्या, बाकडी, रांगेने. त्यांच्या हातांवर हात. हिरवे. मांडीवर ठेवलेले, घडी घातलेले, हनुवटीखाली टेकवलेले. चेहरे दिसत नव्हते, नुसते हात. पहिली रांग, दुसरी, दहावी. त्यामागे हात लहान लहान होत गेले, मग ठिपके झाले, मग नुसती हिरवी धूळ. वरपर्यंत. मी टॉर्च वर केली तर वरही. छप्पर कुठे होतं मला माहीत नाही. माझ्या टॉर्चचा उजेड दहा पावलांच्या पुढे पोचत नाही, तरी ते दिसत होतं. एवढं मोठं मी आजवर काहीच पाहिलेलं नाही.

"दार लाव," पहिल्या रांगेतून आई म्हणाली. "वारा येतोय."

मी लावलं.

"कुलपाला तेल घालायला हातमोजे घालून आला होता म्हणे," ताईचा आवाज. "तेव्हाच ओळखलं आम्ही. कुठे आहेत रे ते?"

काय सांगणार? घाबरलो की माझं तोंड आपोआप चालतं.

मी म्हटलं, "धुवायला टाकलेत. आज आंघोळीला आलोय."

विनोद बरा नव्हता. पण पहिली रांग हसली. हसण्यावरून ओळखले सगळे, बाबा, आई, ताई, साहेब, रंगबाई, गणिताचे सर. मग दुसऱ्या रांगेने विचारलं, काय म्हणाला? त्यांना सांगितलं, ते हसले. मग तिसरी. मग हसू मागे जायला लागलं. मालगाडीला धक्का लागल्यावर डबे कसे एकामागून एक वाजत जातात, तसं. पुढचे हसून थांबले. आईने डोळे पुसले. साहेबांनी पाणी मागितलं, कुणीतरी आणून दिलं, ते पिऊन झाले. हसू अजून जातच होतं. लांब, आणखी लांब, कुजबुज आणि हसू, कुजबुज आणि हसू. एवढं बारीक झालं की शंख कानाला लावल्यासारखं. संपलं म्हणावं तर पुन्हा त्याच्या पलीकडून कुणीतरी विचारत होतं, काय म्हणाला?

मी मोजायला घेतलं होतं, काका. नोकरीच होती ती. एका रांगेला किती वेळ, त्यावरून किती रांगा. मग हळूच मोजणं सोडून दिलं. काही गोष्टींपुढे माणसाने बोटं मिटून घ्यावीत.

"चला," साहेब म्हणाले, "कायम झालास."

आई सरकली आणि तिने मला बसायला जागा दिली. हात पुढे केला तर माझाही हिरवा. खरं सांगतो, बरं वाटलं.

तो विनोद शेवटच्या रांगेला पोचला का, मला माहीत नाही. कधी कधी भर दुपारी सगळं शांत असलं की लांबून एक कुणीतरी हसल्यासारखं ऐकू येतं. मला वाटतं, अजून पोचतोय.

८

तर तुमचं उत्तर. तुम्ही पोरं आहात तरी किती?

जरा शटर खाली घेतो हं. घाबरू नका, अर्धंच. हात इकडे करा. उजवा. बघा, कोरा. किती छान, किती स्वच्छ. असा हात पाहून फार दिवस झाले.

सगळे, वजा तुम्ही. हा आकडा मी सरकारलाही दिला नाही, तुम्हाला फुकट दिला.

नाही, काकूंचा हात मी पाहिलेला नाही. मघाशी डबा ठेवून गेल्या तेव्हा दुकानात लख्ख उजेड होता. तुम्हीच म्हणालात, नवीन शहर, वेळ जात नाही, म्हणून संध्याकाळच्या कसल्याशा क्लासला जातात. कसला म्हणालात?

शिवणाचा.

चांगलं आहे की. काका, तुमच्या शर्टाचं वरचं बटण कधीपासून तुटलंय?

नका, उठू नका. त्या डबा न्यायला येतीलच. टॉर्च मी इथे काउंटरवर ठेवतो. लावायची की नाही, तुमचं तुम्ही ठरवा. जबरदस्ती आमच्यात नसते. एक तर बाजारामागच्या गल्लीत यायचं, मूठ गार आहे पण सवय होते. नाहीतर मी आत आल्या आल्या जो हप्ता मागितला होता, तो. दर महिन्याला, आजपासून.

आज यायला जमणार नसेल, तर मग काढा. सुट्टे नसतील तरी चालेल, समोरच्याकडून आणतो. तो आपलाच आहे.